जुन्या मालमोटारीचा जीर्णोद्धार व त्याचा हिशेब

सालाबादप्रमाणे स्मरणिकेसाठी लेख द्यावा असा संपादक मंडळाचा निरोप आला, तेव्हा कडधान्याच्या भावांविषयी अथवा बाजार समितीच्या नियमांविषयी चार शब्द लिहावेत असे प्रथम मनात आले. परंतु त्या विषयांवर अधिकारवाणीने लिहिणारे सभासद आपल्यात पुष्कळ आहेत. उलटपक्षी, गेली चार वर्षे आमच्या वखारीच्या आवारात जी नाकवाली मालमोटार उभी आहे, तिच्याविषयी कित्येक बंधू आम्हांस रस्त्यात थांबवून विचारतात. काही जण काळजीने विचारतात, काही हसून. त्या सर्वांस एकदाच उत्तर मिळावे, आणि कोणास असाच छंद जडला असेल तर आमच्या चुका त्याने पुन्हा विकत घेऊ नयेत, म्हणून हा लेख. जीर्णोद्धार हा शब्द देवालयास शोभणारा. तो मोटारीस लावल्याबद्दल वाचकांनी क्षमा करावी. दुसरा तितका नेमका शब्द आम्हांस सापडला नाही.

आपल्या पिढीच्या व्यापाऱ्यांस या गाड्यांची ओळख करून देण्याची गरज नाही. नव्या पिढीस मात्र आहे. 1945 साली स्थापन झालेल्या टेल्को कंपनीने 1954 साली जर्मनीच्या डेमलर-बेंझ कंपनीशी करार करून जमशेदपूर येथे टाटा-मर्सिडीज-बेंझ मालमोटारी बांधण्यास प्रारंभ केला. हा करार पंधरा वर्षांचा होता. तो 1969 साली संपला आणि पुढील जाळीवरचा तीन टोकांचा तारा जाऊन तेथे ‘टी’ हे अक्षर आले. त्याच काळात कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्याच्या डॉज व फार्गो, हिंदुस्थान मोटर्सच्या बेडफर्ड आणि मद्रासेकडील अशोक लेलँडच्या कॉमेट याही गाड्या रस्त्यावर होत्या. पण बेळगावच्या पेठेत मालमोटार म्हटले की डोळ्यांपुढे येई ती ताऱ्याची नाकवाली. सहा सिलिंडरांचे, साडेचार लिटरहून किंचित मोठे डिझेल इंजिन, सुमारे शंभर अश्वशक्ती, आणि पाच टन वजन वाहण्याची क्षमता, म्हणजे शंभर किलोची पन्नास पोती. प्रत्यक्षात किती पोती चढत असत, हे वाचकांस ठाऊक आहे; येथे लिहीत नाही.

1961 अखेर गोवा मुक्त झाल्यानंतर आमच्या तीर्थरूपांचा तांदूळ व कडधान्याचा माल तिकडे जाऊ लागला. 1970 च्या मे महिन्यात, आमच्या वयाच्या दहाव्या वर्षी, अशाच एका गाडीत ड्रायव्हरशेजारी बसून आम्ही अनमोड घाट उतरलो आणि परतताना चढलो. चढावर दोन ठिकाणी पाणी उकळले. क्लीनरने ओढ्यातून डबा भरून आणला. ड्रायव्हरने टोपणावर ओले पोते टाकून ते हळूच सैल केले व वाफ जाईपर्यंत आम्हांस दूर उभे केले. तो वास अजून नाकात आहे. छंदाचे मूळ विचाराल तर ते एवढेच.

आमची सध्याची गाडी तीर्थरूपांची नव्हे, हे आधीच सांगतो, कारण गावात तशी वदंता आहे. ती गाडी 1989 साली विकली गेली व पुढे तिचे काय झाले ते कळले नाही. ही 1967 ची, एका वीटभट्टीवर बारा पावसाळे काढलेली. भट्टीमालक ती भंगारात घालणार होता. भंगाराच्याच भावाने वजनावर 1 लाख 5 हजार रुपये देऊन आम्ही ती आणली. चिरंजीवांनी स्पष्ट विरोध केला. त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते: धंद्यात भांडवल कमी पडते आणि अप्पा लोखंड विकत घेतात. अखेर घरात तडजोड झाली. महिन्याला 6 हजार रुपये, त्याहून एक पैही अधिक नाही, आणि वखारीच्या खात्यातून काही उचलायचे नाही. त्यासाठी स्वतंत्र वही घातली. ही मर्यादा प्रथम आम्हांस जाचक वाटली. पुढे तीच उपयोगी पडली. पैसे नसले की माणूस महिनाभर थांबतो, आणि थांबलेल्या महिन्यात स्वस्त व योग्य भाग सापडतो.

गाडी निवडताना रंग व केबिन पाहू नये. त्या काळी कारखान्यातून बहुधा चासी, इंजिन, बॉनेट व पुढला दर्शनी भाग एवढेच येई. केबिन व हौदा गावोगावचे सुतार लाकडात बांधीत. म्हणून कुजलेली केबिन हा तोटा नव्हे. आजही चांगला सुतार ती बांधू शकतो. पाहावयाच्या त्या चासीच्या दोन लांब तुळया. पाट्यांचे खूर जेथे बसतात तेथे हातोडीने हलके ठोकून ऐकावे. घंटेसारखा आवाज आला तर ठीक, भद्द आवाज आला तर आत गंजाचे पापुद्रे आहेत असे समजावे. दुसरे, गाडी अपुरी नसावी. इंधनपंप, स्टिअरिंगची पेटी, बॉनेटचे पत्रे, डायलच्या काचा, ही लहानसहान सामग्री एकेक करून जमवू गेल्यास मूळ गाडीहून महाग पडते. आणि इंजिन व चासी यांवरील क्रमांक कागदाशी ताडून, विक्रीचा लेख करूनच पैसे द्यावेत. भंगारात चोरीचा मालही असतो.

इंजिन जाम होते. अशी गाडी दुसऱ्या गाडीला बांधून ओढण्याचा मोह होतो, तो आवरावा. आमच्या मिस्त्रींनी सहाही नोझल काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे डिझेल व इंजिन ऑइल यांचे मिश्रण सोडले आणि आठ दिवस हात लावू दिला नाही. मग हाताने पुढे-मागे थोडे थोडे हलवीत अकराव्या दिवशी ते फिरले. नोझल बसविण्यापूर्वी इंजिन हाताने फिरवून आतले तेल बाहेर काढावे लागते. तेल दाबले जात नाही, पण कनेक्टिंग रॉड वाकतो. पहिल्यांदा चालू करताना हवा आत जाण्याच्या तोंडाशी एक माणूस सपाट फळी घेऊन उभा ठेवावा. डिझेल इंजिन बेफाम सुटले तर चावीने बंद होत नाही, हवा कोंडूनच बंद करावे लागते.

गंज काढण्याचा स्वस्त उपाय आपल्या मुलखातलाच आहे. साखर कारखान्याची मळी पशुखाद्यवाल्यांकडे मिळते. एक भाग मळी व नऊ भाग पाणी पिंपात घालून त्यात सुटे भाग बुडवून ठेवावेत. दहा-पंधरा दिवसांत गंज सुटतो व चांगल्या लोखंडास विशेष धक्का लागत नाही. मळीतील द्रव्ये गंजातील लोह धरून ठेवतात, असे याचे कारण आहे. ॲल्युमिनियम वा जस्ताचे भाग मात्र यात घालू नयेत, ते खाल्ले जातात. वास फार येतो. आमच्या घरातून यावर जे भाष्य झाले ते छापण्याजोगे नाही. शिवाय पिंपावर दुहेरी फडके घट्ट बांधावे, नाहीतर माश्या-मुंग्या पडून नाहक जीवहत्या होते. भाग बाहेर काढताच धुऊन, वाळवून त्याच दिवशी लाल प्रायमर मारावा. एक रात्र तसाच राहिला तरी सकाळी त्यावर पुन्हा तांबूस झाक दिसते.

आता आमची मोठी चूक सांगतो. पहिल्या वर्षअखेर इंजिन चालू झाले आणि आम्हांस धीर राहिला नाही. पाडव्याला गाडीची पूजा व्हावी म्हणून पत्र्याचे काम उरकून रंग दिला. ब्रेकचे पेडल दाबून पाहिले, कडक लागले. तेवढ्यावर समाधान मानले. हँडब्रेक जोडलाच नव्हता. पूजा झाली, नारळ फुटला, आणि आम्ही स्वतः गाडी वखारीच्या उतारावरून खाली घेतली. मध्यावर पेडल दाबले ते थेट तळाला गेले. समोर बारदानाचा ढीग होता व त्याआड आमचा एक जुना हमाल गाठी बांधीत होता. आम्ही ओरडलो, तो बाजूला उडी मारून वाचला. गाडी बारदानात शिरून थांबली. त्या गृहस्थाने खाली पडलेले पागोटे उचलले, झटकले, आणि “मालक, आज आयुष्य होतं,” एवढेच म्हणाला. आम्ही ओट्यावर बसलो ते बराच वेळ उठलो नाही. मिस्त्री त्या दिवशी हजर नव्हते. दुसऱ्या दिवशी आले, चाके पाहिली आणि म्हणाले, “अण्णा, गाडी चालू होते हे मला ठाऊक होतं. थांबते का, ते बघितलंत का?”

झाले होते असे. एका मागल्या चाकातील ब्रेक सिलिंडरचा जुना रबरी वायसर फाटला होता. त्या काळच्या ब्रेकला तेलाची एकच वाट. एका चाकाशी गळती झाली की चारही बाजूंचा ब्रेक जातो. शिवाय पुढे दुरुस्तीच्या वेळी ब्रेक ऑइल नव्या रंगावर सांडले व रंग फुगून निघाला, तो खर्च निराळा. म्हणून आमचे सांगणे असे की, ब्रेक व स्टिअरिंग पूर्ण झाल्यावाचून गाडी स्वतःच्या बळावर एक हातही हलवू नये, आणि रंग सर्वांच्या शेवटी. ब्रेकचे सर्व रबरी भाग जुने असतील तर दिसण्यात चांगले असले तरी फेकून द्यावेत. हे भाग रॉकेलने अथवा डिझेलने धुऊ नयेत, रबर फुगते. ब्रेक ऑइलनेच धुवावेत. हे तेल हवेतील ओल शोषते, म्हणून उघड्या डब्यातले वापरू नये. जुन्या ब्रेकपट्ट्यांत ॲस्बेस्टॉस असते व त्याची धूळ फुप्फुसास घातक आहे. ती फुंकून वा हवेच्या झोताने न उडविता ओल्या फडक्याने टिपून घ्यावी.

चाकांविषयी एक इशारा. या गाड्यांच्या चाकात टायर धरून ठेवणारी पोलादी कडी असते. गंजलेली कडी हवा भरताना निसटली तर तोफगोळ्यासारखी उडते आणि समोरचा माणूस जिवानिशी जातो. काटकसरीची सारी हौस असली तरी हे काम घरी करू नये. पिंजऱ्यात चाक ठेवून हवा भरणाऱ्या माहीतगाराकडेच ते न्यावे.

बाहेर कोणते काम द्यावे हेही ठरलेले असावे. सोडणे, घासणे, धुणे, जुळवणे ही कामे आपण स्वतः करावीत. यात वेळ जातो, पैसा जात नाही. सिलिंडरचे बोअरिंग, क्रँकचे ग्राइंडिंग व इंधनपंपाची जुळणी ही कामे यंत्राशिवाय होत नाहीत. या बाबतीत बेळगावकर भाग्यवान आहेत. उद्यमबागेत ओतकाम व लेथची कामे करणारे इतके कारखाने आहेत की न मिळणारा भाग नमुना दाखवून करून घेता येतो. पाण्याच्या पंपाचा दांडा आम्ही तसाच करवून घेतला. काही भाग मुंबईस कुर्ल्याच्या जुन्या बाजारात मिळाले. तेथे नुसते नाव सांगून भागत नाही. जुना भाग पिशवीत घालून न्यावा व मोजून घ्यावा. सोडलेल्या प्रत्येक भागाचे छायाचित्र मोबाइलवर घ्यावे आणि नट-बोल्ट बिस्किटांच्या डब्यांत चिठ्ठी घालून ठेवावेत. पहिल्या सहा महिन्यांत आम्ही हे केले नाही. त्यामुळे उरलेले सतरा बोल्ट कोठले, ते आजतागायत समजलेले नाही.

वहीचा गोषवारा देतो. इंजिन व इंधनपंप 96 हजार, लाकूड व सुतारकाम 58 हजार, पत्रा व रंग 45 हजार, वापरलेले सहा टायर 42 हजार, ब्रेक व स्टिअरिंग 41 हजार, वायरिंग व बॅटरी 17 हजार. एकूण 2 लाख 99 हजार. चार वर्षांचे ठरलेले 2 लाख 88 हजार होते. जादा गेलेले 11 हजार हा दुसऱ्यांदा दिलेला रंग. चिरंजीवांनी वही तपासली, त्या रकमेखाली लाल रेघ ओढली, आणि रक्कम आपल्या खिशातून भरली. त्यावर ते काही बोलले नाहीत, आम्हीही नाही.

गाडी रस्त्यावर येणार का, असे पुष्कळ जण विचारतात. 2021 साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांवरील जुन्या वाहनांच्या नोंदणीचे खास नियम केले, परंतु ते दुचाकी व खाजगी प्रवासी मोटारींसाठी आहेत. मालमोटार त्यात बसत नाही. ज्या गाड्यांनी गावोगावचा दाणागोटा वाहिला त्यांना या यादीत जागा नसावी, याचे आम्हांस वाईट वाटते. आपल्या संघाने इतर व्यापारी संघांसह या बाबतीत अर्ज करावा, अशी सूचना आम्ही येथे करून ठेवतो. तोपर्यंत आमची गाडी आवाराबाहेर जात नाही. दर रविवारी सकाळी ती वीस मिनिटे चालू करतो, आवारात एक फेरी मारतो, आणि उतारावर हँडब्रेक ओढून चाकांस लाकडी ठोकळे लावतो. ठोकळे लावण्याचे काम त्या जुन्या हमालाने आपण होऊन मागून घेतले आहे.

जाळीवरचा तारा आमच्या गाडीवर नाही. तो वीटभट्टीवरच कोणीतरी काढून नेला असावा. डाव्या बाजूची बॉनेटची कडीही मूळची नाही. कोणा सभासदाच्या वखारीत जुन्या सामानात यांपैकी काही पडून असल्यास संघाच्या कार्यालयात कळवावे. योग्य किंमत दिली जाईल, महिन्याच्या 6 हजारांच्या आत.