मेलेल्या नसेची फिर्याद

रूट कॅनाल करवून मनुष्य घरी येतो तेव्हा 'नस मारली' एवढा एक शब्दप्रयोग बरोबर घेऊन येतो, आणि पुढील आठ-पंधरा दिवसांत त्याच्या मनात जे नाना गैरसमज उद्भवतात त्यांपैकी बहुतेकांचे मूळ, माझ्या मते, या दोन शब्दांतच असते. नस मेली, मग दुखते ते काय, असा त्याचा पहिला सवाल. आणि घास चावताना दाढ ठणकली की दंतवैद्याची जबानी न घेताच, उपचार फसला, असा निवाडा तो देऊन टाकतो. वस्तुतः काढलेला असतो तो दाताच्या पोटातला मगज. परंतु दाताचे मूळ ज्या तंतुमय गादीच्या आधारे जबड्याच्या हाडात रोवलेले असते, ती गादी आणि ते हाड पूर्ववत सजीव असते, आणि आधीच्या संसर्गाने व सुईसारख्या बारीक कानशींच्या खरवडण्याने चिडलेला हा भाग दोन-तीन दिवस, क्वचित आठवडाभर, आपली फिर्याद गुदरीत राहतो. दुखणे दिवसागणिक उतरत असेल तर चिंतेचे कारण नाही. मात्र तोंड मिटताच तीच दाढ सर्वांआधी टेकत असेल, तर वर भरलेले सिमेंट उंच राहिले आहे असे समजावे. दोन मिनिटांच्या घासणीने मिटणारे हे दुखणे वेदनाशामक गोळ्यांवर पंधरवडा काढून सोसणारे सहनशील लोक मी पाहिले आहेत.

घरोघरी दुसरा भरवसा लवंगेच्या तेलावर. किडलेल्या दाढेतील जिवंत मगजाला ते काही वेळ शांत करते हे खरे. पण ज्याला शांत करावयाचे तो मगजच काढून टाकल्यावर ते तेल शांत कोणाला करणार? उलट बोळा धरून ठेवल्यास हिरडी पोळते, तेवढी मात्र नवी जखम होते. मिश्रीने दाढ घट्ट होते ही समजूत तर त्याहून घातक, कारण ती भाजलेली तंबाखूच असते आणि तंबाखूने जखम उशिरा भरते. त्यापेक्षा पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून केलेल्या चुळा बऱ्या. आणि ब्रश बंद न ठेवता हलक्या हाताने चालू ठेवावा. आंबट खाल्ल्याने पू होतो, वरची दाढ छेडली की नजर अधू होते, या भीतीही निराधार आहेत. दाताचा व दृष्टीचा मज्जातंतू सर्वस्वी निराळे. पथ्य पाळावयाचेच असेल तर सुईची बधिरता असेपर्यंत, म्हणजे दोन ते चार तास, काही चावू नये व कढत चहा टाळावा. गाल चावला वा जीभ भाजली तरी त्या वेळी कळत नाही.

अँटिबायोटिकची मागणी बहुधा रुग्णाचीच असते. नुसत्या दुखण्यावर त्यांचा इलाज नाही. मगज काढून पोकळी धुतली, हाच संसर्गावरचा खरा उपाय. ताप आला, सूज पसरू लागली, तर गोष्ट निराळी. आणि जबड्याखाली सूज येऊन तोंड उघडणे, गिळणे वा श्वास घेणे अवघड झाले तर सकाळची वाट न पाहता रात्रीच इस्पितळ गाठावे.

सर्वांत महाग पडणारा गैरसमज मात्र वेदना थांबल्यावर सुरू होतो: दुखत नाही, म्हणजे काम संपले. मुळांच्या नळ्यांत गट्टापर्चा नावाचा मलयद्वीपांतील वृक्षांचा चीक भरलेला असतो. 1851 साली इंग्लिश खाडीखालून गेलेल्या तारायंत्राच्या तारेला पाण्यापासून वाचविण्यास हाच वापरला होता. पण त्याच्यावर तूर्त जे सिमेंट लावलेले असते ते हंगामी. काही आठवड्यांत ते झिजते आणि लाळेबरोबर जंतू पुन्हा आत शिरतात. पक्के भरण आणि दाढ असल्यास बहुधा वर टोपी, हा उपचाराचाच उत्तरार्ध आहे, दुकानदारी नव्हे. कारण अगोदरच कीड व कोरणी यांनी भिंती पातळ झालेली दाढ एखाद्या दिवशी सुपारीच्या खांडावर उभी चिरते, आणि बाजूने नवी कीड लागली तरी थंड पाण्याने कळ येऊन सूचना देणारा मगज तिच्यात आता उरलेला नसतो.