वर्दीतला शेजारी

मंडळी, गेल्या हिवाळ्यात आपल्या एका सभासदांकडे घरफोडी झाली. आजींच्या पाटल्या, ठुशी, मोहनमाळ, सगळं गेलं. पोलीस आले आणि 'सोन्याचे दागिने' एवढं लिहून गेले. आजींना इंग्रजी येत नाही. मुलगा मध्ये भाषांतर करत होता आणि आजी गप्पच होत्या.

आठवड्याने दुसरा एक पोलीस आला, दिसायला आपल्याकडचाच. तो आजींजवळ बसून हिंदीत बोलू लागला, तेव्हा कुठे त्यांनी सांगितलं, की आदल्या दिवशी छपराची पन्हळ बघायची म्हणून एक माणूस दाराशी आला होता. आपण त्याला घरात घेतलं, हे मुलासमोर सांगायचा त्यांना धीर झाला नव्हता. पाटल्या कशा, ठुशी कशी, याची चित्रंही त्या पोलिसाने काढून घेतली. निघताना कळलं, की हा गृहस्थ दिवसा एका कंपनीत हिशेब बघतो आणि पोलिसाचं काम बिनपगारी करतो!

इथे याला स्पेशल कॉन्स्टेबल म्हणतात. पीलसाहेबांनी १८२९ साली लंडनचे पोलीस उभे केले आणि १८३१ च्या कायद्याने स्पेशलची व्यवस्था पक्की झाली. आपल्यातल्या वडीलधाऱ्यांना होमगार्ड आठवतील. मुंबई प्रांतात दंगलींच्या दिवसांत, डिसेंबर १९४६ मध्ये, तेही असेच नागरिकांतून उभे राहिले. स्पेशलला मात्र पोलिसाचे पूर्ण अधिकार असतात. शपथ तीच, वर्दी तीच, अटक करण्याचा हक्कही तोच, आणि २००७ पासून तो इंग्लंड-वेल्समध्ये सगळीकडे चालतो. २००२ च्या कायद्याने आलेले पीसीएसओ वेगळे. ते पगारी असतात, पण त्यांना पोलिसासारखा अटकेचा अधिकार नसतो.

स्पेशलना प्रवासखर्च वगैरे मिळतो, पगार नाही. शनिवारी रात्री पबबाहेरची भांडणं, फुटबॉलच्या मॅचचा बंदोबस्त, हरवलेल्या माणसाचा शोध, गल्लीतली गस्त, अशी कामं असतात. शिव्या खाव्या लागतात, कधी मारही. हे आम्ही लपवत नाही. २०१२ साली इंग्लंड-वेल्समध्ये वीस हजारांवर स्पेशल होते. मार्च २०२४ मध्ये सात हजारही उरले नव्हते.

आता थोडं आपल्याविषयी. 'पोलिसांना आपलं काही कळत नाही' हे वाक्य आपल्या प्रत्येक कार्यक्रमात चहाबरोबर ऐकू येतं. ते खोटं नाही. स्टीफन लॉरेन्स या तरुणाच्या १९९३ मधल्या खुनाच्या तपासाबद्दल १९९९ साली मॅकफर्सन अहवाल आला. पोलीस खात्यातच वंशभेद मुरलेला आहे, असं त्याने स्पष्ट म्हटलं आणि भरतीत सर्व समाजांची माणसं यावीत, अशी शिफारस केली. पण ती माणसं येणार कुठून? आपली मुलं डॉक्टर व्हावीत, अकाउंटंट व्हावीत, हे आपण ठरवूनच टाकलेलं असतं. पोलिसात, आणि तेही फुकट, म्हटलं की आपल्याच कपाळाला आठ्या पडतात. आमच्याही पडल्या होत्या.

वय अठरा पूर्ण हवं. ब्रिटिश पासपोर्टच लागतो असं नाही. इथे कायम राहण्याची परवानगी असलेल्या भारतीय नागरिकालाही अर्ज करता येतो. बऱ्याच ठिकाणी महिन्याला सोळा तास द्यावे लागतात आणि आधी प्रशिक्षण असतं. काही कंपन्या त्यासाठी भरपगारी रजाही देतात. मॅजिस्ट्रेट असाल, तर मात्र हे काम करता येत नाही.

आजींचे दागिने परत मिळाले नाहीत. पण आता अनोळखी माणूस दाराशी आला, तर त्या दार उघडत नाहीत आणि शेजारच्या आजींनाही बजावून ठेवतात. तो स्पेशल मंडळाच्या पुढच्या सभेला यायला तयार आहे. तरुण मुलामुलींना जरूर घेऊन या. मनातल्या शंका त्यालाच विचारू, आणि अर्ज करायचा की नाही, ते मुलांना ठरवू द्या.