खोड चढणारे वुडक्रीपर

मेक्सिकोपासून अर्जेंटिनापर्यंतच्या जंगलांत या तपकिरी पक्ष्यांच्या अनेक जाती आढळतात. शेपटीच्या पिसांचे ताठ, टोकाशी उघडे कणे सालीला टेकवून ते खोडावर सरसर चढतात. सुतारपक्ष्याचीही हीच रीत, पण दोघांचे नाते जवळचे नाही. वुडक्रीपर लाकूड पोखरत नाही, सालीच्या भेगांतले किडे टिपतो. सायथबिल जातींची लांब, विळ्यासारखी चोच तर पाहत राहावी अशी! त्याहून विलक्षण मला वाटते ती काही जातींची लष्करी मुंग्यांमागची भटकंती. मुंग्यांची फौज निघाली की झुरळे, नाकतोडे, कोळी जीव घेऊन पळतात आणि बुंध्यावर टपलेले वुडक्रीपर त्यांच्यावर झडप घालतात. जंगलाचे तुकडे पडले, फौजा विरळ झाल्या, की हे पक्षीही तिथून कमी होऊ लागतात.