पानिपतची वार्ता आणि मराठी समाजमन

पानिपतच्या पराभवाची चर्चा आपल्याकडे प्रामुख्याने कारणांच्या अंगाने झाली. वि. का. राजवाडे यांनी १८९८ साली साधनांचा पहिला खंड प्रसिद्ध केला तेव्हापासून, आणि पुढे त्र्यं. शं. शेजवलकर यांच्या विवेचनातही, रसद, युद्धपद्धती व सरदारांतील दुही यांचाच ऊहापोह दिसतो. ही वार्ता ऐकणाऱ्या समाजाने ती कशी स्वीकारली, हा प्रश्न वाङ्मयाच्या अभ्यासकाला अधिक निकटचा आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते, तो समाज दीर्घकाळ ती स्वीकारूच शकला नाही.

या मोहिमेचा आरंभ आष्टीच्या परिसरातला आहे. फेब्रुवारी १७६० मध्ये उदगीरला निजामाचा पराभव झाला आणि पुढच्याच महिन्यात सदाशिवरावभाऊ परतूरहून, म्हणजे तत्कालीन पत्रांतील पटदूरहून, उत्तरेकडे निघाले. विजयाचा गुलाल अंगावर असतानाच निघालेली ही फौज होती. वर्षअखेरीस नानासाहेब पेशव्यांचा पैठणला विवाहही झाला. १४ जानेवारी १७६१ चा संहार या पार्श्वभूमीवर कल्पनेच्या पलीकडचा होता.

वार्ता आली तीही आडपडद्याने. उत्तरेकडे निघालेल्या पेशव्यांना भेलशाजवळ मिळालेले सावकारी पत्र प्रसिद्धच आहे. त्यात मृतांची नावे नव्हती; मोती, मोहरा आणि मोजदादीपलीकडचा खुर्दा एवढेच होते. हा व्यवहारातला सांकेतिक मजकूर. परंतु उघड शब्दांत सांगता न येणारे सांगण्याची ती एक वाट ठरली, हेही नाकारता येणार नाही. नानासाहेब २३ जून १७६१ रोजी पर्वतीवर निवर्तले.

घरोघरची स्थिती याहून बिकट असणार. फौजेबरोबर बायकामुले होती, यात्रेकरू होते. कोण पडले, कोण कैद झाले, कोण रानोमाळ झाले, याचा निश्चित निर्णय होईना. नाना फडणीस स्वतः वाचले, पण त्यांच्या मातोश्री हरवल्या. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई रणातून परतल्या. पतीच्या मृत्यूवर त्यांनी अखेरपर्यंत विश्वास ठेवला नाही. मृत्यूचा पुरावा नसेल तर शोकाचे विधी तरी कोणत्या आधारावर करावयाचे?

या अधांतरी अवस्थेतूनच तोतयाचे प्रकरण संभवते. भाऊ म्हणून मिरवणाऱ्या कनोजी ब्राह्मणाला रत्नागिरीच्या बाजूस पाठबळ मिळाले, कोकणातील काही किल्लेही त्याच्या हाती गेले. राघोजी आंग्रे यांनी त्याला पकडल्यावर १७७६ मध्ये त्यास देहान्त शासन झाले. याला केवळ राजकीय कारस्थान म्हणणे अपुरे आहे. पराभवास पंधरा वर्षे लोटल्यावरही भाऊ परत येतील अशी आशा शिल्लक होती, म्हणूनच कारस्थानाला माणसे मिळाली. न. चिं. केळकरांना या विषयावर नाटक लिहावेसे वाटले, ते उगाच नव्हे.

बखरकारांनी वेगळी वाट धरली. रघुनाथ यादवाची ‘पाणिपतची बखर’ काय किंवा ‘भाऊसाहेबांची बखर’ काय, दोन्हींत भारतीय युद्धाची छाया आहे. हिला निव्वळ अलंकारप्रियता समजू नये. जेथे पराक्रमी पुरुषही मरतात आणि तरी त्यांचे तेज उणावत नाही, असा परिचित साचा महाभारतानेच दिला होता. दोष मात्र बखरींनी मोकळेपणाने वाटला. मल्हारराव होळकरांच्या वाट्याला तो बराच आला.

सर्वांत टिकली ती बोली. ‘पानिपत होणे’ हा वाक्प्रचार आजही कोणत्याही धूळधाणीला लागतो आणि ‘विश्वास पानिपतात गेला’ हा विश्वासरावांच्या नावावरचा श्लेष, त्या सतरा-अठरा वर्षांच्या मुलाची आठवणही न होता, लोक हसत उच्चारतात.