नांगराचा फाळ आणि कुंडलचा माळ

पुणे–मिरज लोहमार्गावर, सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यात, किर्लोस्करवाडी हे स्थानक लागते. ते पूर्वी कुंडल रोड या नावाने ओळखले जाई. 1910 साली या स्थानकालगतच्या, निवडुंगाने व्यापलेल्या आणि सापांसाठी कुप्रसिद्ध असलेल्या 32 एकर माळावर लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांनी नांगराचा कारखाना आणि कामगारांची वसाहत अशी दोन्ही कामे एकत्रच हाती घेतली. आधी नफा, मग त्यातून दानधर्म, असा उद्योगपतींच्या लोकसेवेचा सर्वसाधारण क्रम असतो, पण येथे तो आढळत नाही. मजूर पंचवीसच्या आसपास, भांडवल उसने आणि माल अजून शेतकऱ्याच्या पसंतीला उतरायचा, अशा अवस्थेतच घरे, पाणी आणि शाळा यांचा विचार झालेला दिसतो. किर्लोस्कर घराण्याच्या कर्तृत्वाचे मोल ठरवताना हा क्रम ध्यानात घ्यावा लागतो.

लक्ष्मणरावांचा जन्म 20 जून 1869 रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. चित्रकलेच्या ओढीने ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले, परंतु काही रंगांमधला फरक डोळ्यांना कळत नाही हे उमगल्यावर त्यांनी रंग सोडून यंत्रांची रेखाचित्रे शिकण्याकडे मोर्चा वळवला आणि पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तोच विषय शिकवला. बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन व्यक्तीला दिली गेली आणि नोकरीवरचे त्यांचे मन उडाले. बेळगावात ज्येष्ठ बंधू रामचंद्रराव, म्हणजेच रामूअण्णा, यांच्यासोबत त्यांनी सायकलींचे दुकान चालवले होतेच. उद्योगसमूह आपला आरंभ 1888 पासून मोजतो तो या दुकानामुळे. दुकानामागोमाग ज्वारीचा कडबा बारीक करणारे कडबा-कापणी यंत्र आले आणि त्यानंतर लोखंडी नांगर. नगरपालिकेच्या विस्तार-योजनेमुळे बेळगावातील कारखान्याची जागा सोडण्याची पाळी आली, तेव्हा औंध संस्थानचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आपल्या मुलखात जागा आणि दहा हजार रुपयांचे कर्ज देऊ केले. बाळासाहेब स्वतः चित्रकार होते आणि नुकतेच, 1909 साली, गादीवर आले होते. रंगांची पारख नसल्याने कुंचला खाली ठेवलेल्या माणसाच्या पाठीशी एक चित्रकार राजा उभा राहिला, या योगायोगाचे महत्त्व केवळ भावनिक नाही, कारण रेखाटनावरून वस्तू ओळखण्याची नजर दोघांनाही होती.

औंध हे गाव आज सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यात आहे, तर कुंडल सांगली जिल्ह्यात. संस्थानाचा मुलूख सलग नव्हता. औंध, आटपाडी, कुंडल आणि विजापूरकडील गुणदाळ अशा तुकड्यांत तो विखुरला होता, आणि म्हणूनच रेल्वेलगतचा कुंडलचा तुकडा लक्ष्मणरावांना सोयीचा वाटला. कच्चे लोखंड व कोळसा आणायचा आणि तयार नांगर पाठवायचा तर रूळ हाताशी हवा, हा त्यामागील हिशेब होता.

नांगराची रचना थोडी बारकाईने पाहिल्याशिवाय या माणसाची चिकाटी कळत नाही. दख्खनचा पारंपरिक लाकडी नांगर जमीन उकरतो, पण पालथी करत नाही. त्याच्या टोकाला बसवलेला लोखंडी फाळ पाचरीप्रमाणे मातीत शिरतो आणि दोन्ही बाजूंना ढेकळे सारतो. कृष्णाकाठच्या काळ्या जमिनीत हरळी आणि कुंदा यांसारख्या गवतांची मुळे खोल जातात, ती अशा नांगरटीने तुटतात पण मरत नाहीत. लोखंडी नांगरात फाळाच्या वर एक वळणदार पत्रा, म्हणजे तक्ता, असतो. फाळाने आडवी कापलेली मातीची वडी या तक्त्यावर चढते, वळते आणि पालथी पडते, त्यामुळे मुळे उन्हात येऊन वाळतात. कल्पना सोपी असली तरी ती धातूत उतरवणे अवघड आहे. काळी चिकण माती खडबडीत पृष्ठभागाला चिकटते आणि तक्ता मातीने लडबडला की नांगर माती वळवेनासा होतो, बैल मात्र तेवढाच भार ओढत राहतात. फाळाचे टोक तर दगडगोट्यांवर सतत घासते. ते मऊ असेल तर काही दिवसांत बोथट होते आणि सगळेच कठीण केले तर ठेच लागताच मोडते.

या पेचावरचा उपाय ओतकामात सापडतो. ओतीव लोखंड वाळूच्या साच्यात सावकाश थंड झाले तर त्यातील कर्ब ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपाने वेगळा होतो आणि करडे, सहज कापता येणारे लोखंड मिळते. तेच लोखंड झटकन थंड केले तर कर्ब लोखंडाशी संयुक्त होऊन राहतो आणि अतिशय कठीण, पण ठिसूळ असे पांढरे लोखंड तयार होते. म्हणून साच्यात ज्या जागी फाळाची धार येणार तेथे वाळूऐवजी लोखंडाचा तुकडा बसवतात; रस त्याला भिडताच तेवढाच भाग तत्काळ थिजून कठीण होतो आणि मागचे अंग मऊ राहते. या पद्धतीला चिल्ड ओतकाम म्हणतात. रसाची उष्णता, साच्याचा ओलावा, लोखंडातील सिलिकॉनचे प्रमाण यांपैकी एकही गोष्ट बिघडली तर नग वाया जातो, आणि हे सारे ज्या काळात भट्टीपुढच्या माणसाच्या नजरेवर चाले, त्या काळात शाळा अर्धवट सोडलेल्या तरुणांना हाताशी धरून ते साधले, ही गोष्ट मान लववून मानावी अशी आहे.

शेतकऱ्याला पटवणे त्याहून कठीण गेले. लोखंडाने जमीन विषारी होते असा समज प्रचलित होता आणि पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली. पुढे गावोगाव हिंडून हे नांगर विकणाऱ्यांमध्ये भाऊराव पाटील होते. शेतकऱ्याच्या बांधावर उभे राहून नांगराचे गुण सांगताना त्यांनी खेड्यातील निरक्षरता जवळून पाहिली, आणि 1919 साली कराड तालुक्यातील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. साताऱ्यातील धनजीशा कूपर यांच्या नांगर-कारखान्याच्या उभारणीतही भाऊरावांचा हात होता. हेच कूपर 1937 साली काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान (प्रीमियर) होते. सातारा–सांगलीच्या सार्वजनिक जीवनाचा इतिहास लिहिताना नांगराला दुय्यम स्थान दिले जाते, ते योग्य नाही. त्याच्या विक्रीच्या वाटेवरूनच या भागातील शिक्षणाची एक मोठी चळवळ चालत गेली आहे.

वसाहतीची कल्पना सर्वस्वी नवी नव्हती. इंग्लंडमध्ये कॅडबरी कुटुंबाने बोर्नव्हिल आणि लीव्हर यांनी पोर्ट सनलाइट ही कामगार-गावे वसवली होती. मात्र ती भरभराटीला आलेल्या उद्योगांची अपत्ये होती, तर कुंडलच्या माळावर सगळ्याचीच वानवा होती. अभियंता म्हणून शंभोराव जांभेकर, हिशेबाला मंगेशराव रेगे, पडेल त्या व्यवस्थेला के. के. कुलकर्णी, यंत्रकामाला शालेय शिक्षण पुरे न केलेले पण कल्पक अनंतराव फळणीकर अशी माणसे लक्ष्मणरावांनी जमवली. पदवीपेक्षा हाताचे आणि स्वभावाचे मोल ते अधिक मानत. वसाहतीत अस्पृश्यता पाळायची नाही असा निर्णय त्यांनी घेतला, आणि तो अशा काळात की ज्या वेळी भोवतालच्या गावांत पाणवठे वेगळे होते.

रात्रीच्या पहाऱ्याला त्यांनी तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग हे दरोड्याच्या गुन्ह्यात शिक्षा भोगलेले दोघे नेमले. या नेमणुकीचे वजन आजच्या वाचकाला सहज जाणवणार नाही. ब्रिटिश मुलखात गुन्हेगार जमातींच्या कायद्याखाली रामोशांसारख्या समाजांवर संपूर्ण जातच चोर असल्याचा शिक्का होता आणि पोलिसांपुढे हजेरी लावण्याचा जाच त्यांच्या नशिबी होता. ज्याच्यापासून माल राखायचा असे सरकार सांगत होते, त्याच्याच हाती लक्ष्मणरावांनी मालाची राखण सोपवली. ते दोघे विश्वासू पहारेकरी ठरले. पुढे 1939 साली याच औंध संस्थानात, आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे, कैद्यांची खुली वसाहत स्थापन झाली आणि तिच्यावरून ‘दो आँखें बारह हाथ’ या चित्रपटाला प्रेरणा मिळाली. त्या वसाहतीचा गौरव सर्वत्र होतो, तो रास्तच आहे. परंतु त्याच राज्यात तीन दशके आधी दोन माणसांवर टाकलेला विश्वास तितकाच स्मरणीय आहे.

किर्लोस्कर ब्रदर्स 1920 साली मर्यादित कंपनी झाली आणि त्याच वर्षी लक्ष्मणरावांचे पुतणे शंकर वासुदेव किर्लोस्कर यांच्या संपादनाखाली ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागले. मालाची माहिती देणारे हे पत्र ‘किर्लोस्कर’ मासिक बनले, 1930 मध्ये ‘स्त्री’ आणि 1934 मध्ये ‘मनोहर’ यांची त्यात भर पडली, आणि आडस्थानकावरच्या एका कारखान्यातून विधवाविवाह, विज्ञाननिष्ठा, स्त्रियांचे शिक्षण यांवरील वाद मराठी घराघरांत पोहोचू लागले. कारखान्यात त्याच सुमारास उसाचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडण्याची यंत्रे आणि पाणी उपसण्याचे पंप तयार होऊ लागले होते.

या सगळ्या रचनेला आधार होता तो दोन व्यक्तींच्या सद्भावाचा, मालकाच्या आणि राजाच्या, आणि हीच तिची उणीव होती. वसाहतीतील घर नोकरीशी जोडलेले असते, म्हणून नोकरी संपली की गाव सुटते. ही अडचण जगातल्या प्रत्येक कारखाना-गावाला भेडसावली आहे आणि मालकाच्या चांगुलपणाने ती सौम्य होते, मिटत नाही. नांगराचीही दुसरी बाजू होती. लाकडी नांगराचा फाळ शेवटायला, म्हणजे ठोकून त्याला पुन्हा टोक काढायला, गावचा लोहार असे आणि त्याचा मोबदला बलुत्याच्या धान्यात मिळे. चिल्ड ओतीव फाळ त्याच्या ऐरणीवर शेवटता येत नाही. तो झिजला की कारखान्याचाच नवा आणावा लागतो. म्हणजे ज्या यंत्राने शेतकऱ्याची जमीन सुधारली त्यानेच गावच्या कारागिराचे काम कमी केले, आणि कारखान्यात शिरू शकलेल्या थोड्या लोहार-सुतारांखेरीज इतरांची भरपाई कोणी केली नाही.

जानेवारी 1948 मध्ये गांधीजींच्या हत्येनंतर दक्षिण महाराष्ट्रात उसळलेल्या ब्राह्मणविरोधी दंगलीत किर्लोस्करवाडीवर जमाव चालून आला आणि कारखान्याला आग लावण्यात आली. ज्या वस्तीने जातिभेद बाजूला ठेवण्याचा प्रयत्न चार दशके केला, तिचा हिशेब जमावाने मालकाच्या जातीवरून मांडला. या अन्यायाबद्दल दुमत होण्याचे कारण नाही. तरीही वसाहतीच्या कुंपणापलीकडच्या गावांशी तिचे नाते किती खोल रुजले होते, हा प्रश्न त्या घटनेमुळे टाळता येत नाही. कुंडल आणि भोवतालची गावे हा तर क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या प्रतिसरकारचा, म्हणजे 1942 नंतर इंग्रजी सत्ता झुगारून चालवलेल्या समांतर कारभाराचा, बालेकिल्ला होता. तेथील शेतकरी राजकीयदृष्ट्या जागा झाला होता आणि कोणाच्याही कृपेवर उभ्या असलेल्या व्यवस्थेकडे तो वेगळ्या नजरेने पाहू लागला होता.

त्याच वर्षी मार्चमध्ये औंध संस्थान विलीन झाले, 1949 मध्ये दक्षिण सातारा जिल्हा निर्माण झाला आणि 1960 मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. राजाश्रय संपला होता. उद्योगाचा विस्तारही त्याआधीच बाहेर वळला होता: लेथ यंत्रांसाठी हरिहर, विजेच्या मोटारींसाठी बंगळूर, डिझेल इंजिनांसाठी पुणे. मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रसंस्थेतून 1926 साली पदवी घेऊन परतलेले लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव या विस्ताराचे नेते झाले. व्यवसायाच्या दृष्टीने तो मार्ग अपरिहार्य होता, परंतु त्यामुळे संस्थापकाचा राबता असलेले गाव हळूहळू अनेक कारखान्यांपैकी एक बनले. 26 सप्टेंबर 1956 रोजी लक्ष्मणराव निवर्तले. 1969 मध्ये, त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त, टपाल खात्याने त्यांच्या नावे तिकीट काढले.

वाडीत आजही पंप बनतात. 2013 च्या कंपनी कायद्याने ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करण्यास सांगितले आहे, आणि अशा तरतुदीमुळे निदान काही शाळा व दवाखाने उभे राहतात. मात्र पहारेकरी म्हणून कोणाला नेमावे, शाळा सोडलेल्या मुलाच्या हाती भट्टी द्यावी की नाही, या निर्णयांची नोंद त्या दोन टक्क्यांत कोठेच बसत नाही. यंत्रावर काम करणारा माणूस आता कंत्राटदारामार्फत येतो, अशी देशभरच्या कारखान्यांची रीत झाली आहे. कंत्राटी कामगाराला वसाहतीत घर मिळत नाही, आणि तो राहतो त्या गावाच्या पाण्याचा, शाळेचा प्रश्न ज्याच्या टेबलावर यावा असा मालकही त्याला उरलेला नाही.