शंकरपट व पैज

शंकरपट : विदर्भातील बैलजोड्यांच्या शर्यतीचा पारंपरिक प्रकार. त्यास नुसते ‘पट’ असेही म्हणतात. भंडारा जिल्ह्यातील लाखनी व अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासर येथील पट विशेष प्रसिद्ध आहेत. भंडारा हा भातशेतीचा जिल्हा असल्याने धान घरी आल्यावर, हिवाळ्यात पट भरतात. झाडीपट्टीत दिवसा पट व रात्री नाटक अशी प्रथा आहे.

हलक्या छकड्यास दोन बैल जुंपून ते सरळ धावपट्टीवर पळवितात. हाकणाऱ्यास धुरकरी म्हणतात. काही ठिकाणी दोन जोड्या शेजारीशेजारी सोडतात, तर काही ठिकाणी एकेक जोडी सोडून वेळ मोजतात. दोन्ही बैलांची चाल सारखी नसल्यास छकडा एका बाजूस ओढला जातो; म्हणून बैलांची निवड व सराव यांस महत्त्व असते. विजयी बैलांची बाजारातील किंमत वाढते.

पटातील पैशाच्या व्यवहाराचे तीन प्रकार संभवतात. इनाम आयोजक आधी जाहीर करतात. त्यात हरणाऱ्यास प्रवेशशुल्कापलीकडे काही गमवावे लागत नाही. पैजेत एका मालकाचे गेलेले दुसऱ्यास मिळते. सट्ट्यात शर्यतीशी संबंध नसलेले प्रेक्षक पैसे लावतात. मैत्रीची पैज इतर खेळांतही आढळते. उदा., गोल्फमधील ‘नॅसॉ’ या प्रकारात पहिले नऊ खळगे, नंतरचे नऊ व संपूर्ण अठरा यांवर तीन स्वतंत्र पैजा असतात. ‘स्किन्स’मध्ये प्रत्येक खळग्यास ठरावीक मोल असून बरोबरी झाल्यास ते पुढील खळग्यात मिळविले जाते. दुबळ्या खेळाडूस फटक्यांची सवलत देऊन सामना समतोल करतात. मात्र गोल्फमध्ये पैजेचा ताण स्वतः खेळाडूवर पडतो, पटात तो मुक्या जनावरावर पडतो. पैज जितकी मोठी, तितका काठी, आर वा चाबूक वापरण्याचा मोह अधिक.

भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ३० नुसार पैजेचा करार निरर्थ असतो व जिंकलेली रक्कम दावा लावून वसूल करता येत नाही. घोड्यांच्या शर्यतीतील विजेत्यासाठी पाचशे रुपये वा अधिक मोलाच्या बक्षिसाकरिता दिलेल्या वर्गणीचा अपवाद या कलमात आहे. बैलांच्या शर्यतीचा उल्लेख त्यात नाही. त्यामुळे मालकांमधील पैज केवळ शब्दावर अवलंबून राहते. सार्वजनिक जागी चालणारा सट्टा जुगारविषयक कायद्याखाली येऊ शकतो.

पटावरील मुख्य आक्षेप मात्र क्रौर्याचा होता. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी जल्लिकट्टूसह बैलगाडी शर्यतींस मनाई केली. महाराष्ट्राने २०१७ मध्ये प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्यात दुरुस्ती केली. तथापि मुंबई उच्च न्यायालयाच्या अंतरिम आदेशामुळे शर्यती सुरू होऊ शकल्या नाहीत. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांस सशर्त परवानगी दिली व १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने ही दुरुस्ती वैध ठरविली. जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी, बैलांची पशुवैद्यकीय तपासणी आणि काठी, चाबूक वा विजेचा धक्का वापरण्यास मनाई या प्रमुख अटी होत. इनामासाठी भरणारा पट यामुळे कायदेशीर ठरला. पैजेस मात्र त्यामुळे मान्यता मिळालेली नाही.