आतड्यात तयार होणारे विष

डायलिसिसवर असलेल्या काही रुग्णांचे मोठे आतडे आधीच कुठल्यातरी आजारापायी शस्त्रक्रियेने काढलेले असते. असे रुग्ण थोडेच सापडतात, पण त्यांच्या रक्ताने एका जुन्या प्रश्नाचे उत्तर दिले. अमेरिकेतल्या संशोधकांनी 2011 साली त्यांच्या रक्ताची तुलना मोठे आतडे शाबूत असलेल्या डायलिसिसच्या रुग्णांशी केली. दोघांच्याही किडन्या सारख्याच निकामी होत्या. तरीही इंडॉक्सिल सल्फेट आणि पी-क्रेसिल सल्फेट ही दोन विषारी द्रव्ये आतडे नसलेल्यांच्या रक्तात नावापुरतीच होती किंवा नव्हतीच. इतरही कितीतरी द्रव्यांची हीच गत होती. किडनी बिघडली की अंगात साचणाऱ्या विषाचा एक मोठा वाटा माणसाच्या पेशी बनवतच नाहीत. तो मोठ्या आतड्यातले जिवाणू बनवतात.

डाळ, दूध, अंडी, मटण यांतली प्रथिने बहुतांशी लहान आतड्यातच पचतात. उरलीसुरली पुढे मोठ्या आतड्यात जातात आणि जिवाणूंच्या हाती लागतात. प्रथिनांतल्या ट्रिप्टोफॅनपासून ते इंडोल करतात, यकृत त्याचे इंडॉक्सिल सल्फेट करते आणि ते लघवीवाटे बाहेर टाकण्याचे काम किडनीचे. टायरोसिनपासून पी-क्रेसॉल होते, त्याचीही वाट अशीच. निरोगी माणसात हा व्यवहार बिनबोभाट चालतो. किडनी थकली की माल साचतो, आणि साचलेले इंडॉक्सिल सल्फेट उरल्यासुरल्या किडनीला आणि रक्तवाहिन्यांना इजा करते, असे प्राण्यांवरच्या आणि पेशींवरच्या प्रयोगांत दिसले आहे.

मग डायलिसिस कशासाठी, असे कुणीही विचारेल. अडचण अशी की ही द्रव्ये रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला घट्ट चिकटलेली असतात. डायलिसिसच्या पडद्यातून युरिया सहज पार होतो. अल्ब्युमिन मात्र, चहाच्या गाळणीत चोथा राहावा तसे, अलीकडेच राहते आणि त्याला चिकटलेले विषही राहते. शाबूत किडनीच्या नलिकांतल्या पेशी हे विष रक्तातून ओढून लघवीत सोडतात. ती कला यंत्राला अजून साधलेली नाही.

हे विष कधीकधी डोळ्यांनाही दिसते. बरेच दिवस लघवीची नळी असलेल्या, बद्धकोष्ठतेच्या वृद्ध रुग्णांची लघवीची पिशवी एखाद्या सकाळी जांभळी झालेली आढळते आणि घरचे घाबरतात. लघवीतल्या इंडॉक्सिल सल्फेटवर तिथले जिवाणू काम करतात आणि त्यातून इंडिगो, म्हणजे चक्क नीळ, आणि इंडिरुबिन नावाचा लाल रंग तयार होतो. निळा आणि लाल मिळून जांभळा. रंग स्वतः निरुपद्रवी असतो. पाहायचा तो मूत्रमार्गाचा संसर्ग.

जिवाणू किडनीला छळतात, तसा किडनीचा आजारही जिवाणूंची वस्ती बदलून टाकतो. रक्तात वाढलेला युरिया आतड्यात झिरपतो, युरिएज हे विकर असलेले जिवाणू त्याचा अमोनिया करतात आणि आतड्याचे अस्तर सैल पडते. त्यात पथ्याची भर. रक्तातले पोटॅशियम वाढून हृदयाला धोका होईल या धास्तीने फळे, भाज्या, डाळी कमी होतात, पाणी मोजून प्यायचे असते, फॉस्फरस बांधणाऱ्या काही गोळ्या आणि लोहाच्या गोळ्या पोट बांधतात. तंतुमय अन्न मिळेनासे झाले की जिवाणू प्रथिनांकडे वळतात आणि विष वाढते. म्हणजे ज्या पथ्याने रुग्णाचे हृदय वाचवायचे, तेच आतड्याच्या मुळावर येते. आहारतज्ज्ञाची खरी कसोटी इथे आहे, आणि आपल्याकडे किडनीच्या किती रुग्णांना आहारतज्ज्ञ भेटतो?

उपाय शोधले गेले. जपानमध्ये 1991पासून कार्बनचे बारीक मणी औषध म्हणून देतात; ते आतड्यातच इंडोल शोषून घेतात. कल्पना देखणी, पण दोन हजारांहून अधिक रुग्णांवरच्या, अनेक देशांत झालेल्या चाचण्यांचे निष्कर्ष 2015 साली आले आणि आजाराची वाटचाल काही मंदावलेली दिसली नाही. एका चाचणीत मक्याच्या न पचणाऱ्या स्टार्चने डायलिसिसच्या रुग्णांत इंडॉक्सिल सल्फेट खाली आले, पण आयुष्य वाढले का, हे सांगण्याइतकी ती चाचणी मोठी नव्हती. अकेशिया वर्गातल्या झाडांच्या डिंकावरही 1996 साली अभ्यास झाला आणि रक्तातला युरिया उतरला. हे वाचून कुणी डिंकाचे लाडू वळायला घेऊ नयेत! त्या अभ्यासात रोज 50 ग्रॅम डिंक होता, आणि आपल्या लाडवात खारीक, खोबरे, सुका मेवा असतो, म्हणजे पोटॅशियम आणि फॉस्फरसची रेलचेल.

‘किडनीसाठी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रोबायोटिक कॅप्सूलबद्दल माझे मत स्पष्ट आहे: डायलिसिस टळल्याचा भरवशाचा पुरावा अजून नाही, तेव्हा त्यासाठी घर रिकामे करू नये. बद्धकोष्ठता मात्र डॉक्टरांना न लाजता सांगावी. अमेरिकेतल्या पस्तीस लाख माजी सैनिकांच्या नोंदींत बद्धकोष्ठता असलेल्यांना पुढे किडनीचा आजार होण्याचे प्रमाण काहीसे जास्त आढळले. कारण तेच, असे यावरून ठरत नाही; पण इलाज सोपा आहे. भाजी, डाळ, फळ किती खायचे, ते पोटॅशियमचा ताजा रिपोर्ट दाखवून ठरवावे, शेजाऱ्याच्या सल्ल्याने नव्हे. आणि घरात कुणाला मधुमेह किंवा रक्तदाब असेल, तर वर्षातून एकदा रक्तातले क्रिएटिनिन आणि लघवीतले अल्ब्युमिन तपासून घ्या.